पाहुणे आलेत? या वेळी गेटवे नको, साष्टी दाखवा

(हा एपिसोड ऐकायचा राहून गेला असेल, तर हा त्याचा लिखित अवतार. बोलताना आलेले 'हां तर', 'म्हणजे' शक्य तेवढे काढलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.)

मला वाटतं, उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकावर वर्षातून दोनदा हा प्रसंग येतो. गावाहून फोन येतो, "अरे, आम्ही चार दिवस येतोय." आई लगेच गाद्या उन्हात टाकते, आणि आपल्या डोक्यात एकच प्रश्न: यांना दाखवायचं काय?

उत्तर आपलं ठरलेलं. गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह, जमलं तर राणीची बाग, येताना सिद्धिविनायक. म्हणजे सकाळी गर्दीच्या लोकलमध्ये साठीच्या माणसांना कोंबायचं, दुपारी उन्हात उभं करायचं आणि संध्याकाळी परत त्याच गर्दीत. बोरिवलीहून चर्चगेट म्हणजे फास्ट लोकलनेही जवळपास तासभर. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात जातात, आणि गावी गेल्यावर पाहुणे काय सांगतात? "मुंबईत लई गर्दी."

मीही हेच करत आलो होतो. पण मागच्या हिवाळ्यात माझे मामा मिरजेहून आले. मामांनी आयुष्यभर विहिरी खोदण्या-बांधण्याचं काम केलं. गुडघे आता कुरकुरतात, पण दगड दिसला की हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गेटवे मागच्या खेपेला बघितला की रे. तुमच्या अंधेरीत काय आहे ते दाखव."

मी म्हणालो, "मामा, अंधेरीत काही नाही. मॉल आहेत."

हे वाक्य बोलताना मला काही वाटलं नाही, पण रात्री झोपताना वाटलं. ज्या जागी मी लहानाचा मोठा झालो, तिच्याबद्दल माझ्याकडे सांगायला फक्त 'मॉल आहेत' एवढंच? म्हणून मग चार दिवस आम्ही उपनगरातच फिरलो. हा एपिसोड त्यावरच आहे. कुठे जायचं, का जायचं, आणि मी केलेल्या चुका तुम्ही कशा टाळायच्या.

आधी नकाशा समजून घेऊ

आपण म्हणतो 'मुंबई सात बेटांची'. बरोबर आहे, पण ती सात बेटं म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची मुंबई. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर त्या सातांत येतच नाहीत. आपण वेगळ्या बेटावर राहतो, आणि ते त्या सातांपेक्षा खूप मोठं आहे. त्याचं नाव साष्टी. या बेटावर सहासष्ट गावं होती, म्हणून साष्टी, असं सांगतात. पोर्तुगिजांनी त्याचं 'सालसेत' केलं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. ठाणे शहरसुद्धा याच बेटावर आहे.

हे बेट मुंबई शहरात आलं फार उशिरा. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग महापालिकेच्या हद्दीत आला तो १९५७मध्ये. उपनगर जिल्हा वेगळा झाला १९९०मध्ये. म्हणजे 'मुंबई' हे नाव इथे नवीन आहे, पण वस्ती दोन हजार वर्षांची आहे. 'उपनगर' या शब्दामुळे आपल्याला वाटतं, की शहर आधी आणि आपण नंतर. खरं तर इंग्रजांची मुंबई उभी राहण्याच्या कितीतरी शतकं आधी बोरिवलीच्या डोंगरात माणसं पाण्याची टाकी खोदून राहत होती.

दुसरी गोष्ट. नकाशात बोरिवली आणि मुलुंड शेजारी-शेजारी दिसतात, पण मध्ये जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरच्या वर. त्यामुळे इकडून तिकडे जायचं तर आजही वळसा घालावा लागतो. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: एका दिवसात एकच बाजू. सकाळी बोरिवली आणि दुपारी मुलुंड असा प्लॅन केलात, तर पाहुण्यांना फक्त रस्ता दिसेल.

अंधेरी: काळा कडा आणि कोळीवाडा

पहिला दिवस अंधेरीचा. सुरुवात गिल्बर्ट हिलपासून. अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजच्या परिसराजवळ, वस्तीच्या अगदी मधोमध एक काळाकभिन्न दगड उभा आहे. उंची सुमारे दोनशे फूट. आजूबाजूच्या इमारतींमुळे तो रस्त्यावरून पटकन दिसतही नाही. गल्लीतून वळलात की एकदम समोर.

हा डोंगर म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्या काळात, ज्वालामुखीतून आलेला लाव्हा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात. तळ्यातला चिखल वाळल्यावर जशा फटी पडतात तसंच, फक्त इथे त्या भेगा खोलवर गेल्या आणि दगडाचे उभे, कोनाकोनाचे खांब तयार झाले. लांबून बघितलं तर पेन्सिली एकमेकींना चिकटवून उभ्या केल्यासारखं दिसतं. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा असाच खांबाखांबांचा डोंगर आहे. तो त्यांनी १९०६मध्ये राष्ट्रीय स्मारक केला आणि आजूबाजूची जागा मोकळी ठेवली. आपल्याला १९५२मध्ये संरक्षण मिळालं, पण त्याच्या पायथ्याशी दगड फोडणं आणि बांधकाम पुढेही चालू राहिलं. २००७मध्ये महापालिकेने त्याला वारसा यादीत घेतलं. आज जे उरलंय ते एवढंच.

दगडात खोदलेल्या पायऱ्यांनी वर जाता येतं. वर गावदेवीचं मंदिर आहे. पायऱ्या उंच आहेत, त्यामुळे गुडघेदुखी असेल तर खालूनच बघा, काही बिघडत नाही. मामा खालीच थांबले. दगडावर तळहात ठेवून म्हणाले, "हा तर आमच्याकडचाच दगड." आणि ते अगदी बरोबर होतं. मिरजेच्या विहिरीत जो काळा पाषाण लागतो आणि अंधेरीत जो उभा आहे, ते दोन्ही त्याच दख्खनच्या लाव्ह्याचे. अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त भाग या खडकावर बसलाय. त्या एका वाक्यानंतर मामांना अंधेरी परकी राहिली नाही.

इथून वर्सोवा जवळ आहे. वर्सोव्याला दोन गोष्टी बघायच्या: किनारा आणि कोळीवाडा. किनाऱ्याची गोष्ट अनेकांना माहीत असेल. २०१५पासून अफरोज शाह या वकिलांनी दर शनिवार-रविवारी लोकांना जमवून इथला कचरा उचलायला सुरुवात केली. टनावारी प्लास्टिक निघालं. २०१६मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. किनारा आजही आरशासारखा स्वच्छ नाही, कारण भरती कचरा परत आणून टाकते. पाहुण्यांना हेही सांगा. एकदा साफ केलं की झालं, असं समुद्राच्या बाबतीत होत नाही.

कोळीवाड्यात पावसाळा संपल्यानंतर बांबूच्या मांडणीवर बोंबील वाळताना दिसतात. इथे एक विनंती. ही लोकांची घरं आणि कामाची जागा आहे. मासे निवडत बसलेल्या मावशीच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. "मावशी, फोटो काढू का?" एवढं विचारलं तरी पुरे. त्या हो म्हणतात, आणि वर पाहुण्यांना बोंबील कसा निवडायचा तेही सांगतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील. वर्सोव्याहून समोर मढला जाणारी फेरीबोट अगदी थोड्या मिनिटांची आहे, पण गावाकडच्या मुलांना ती पाच मिनिटं चार दिवस पुरतात.

वेळ असेल तर अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्या आणि जोगेश्वरी पूर्वेची गुंफा, यांपैकी एक बघा. दोन्ही एका दिवसात नको. महाकालीला, म्हणजे जुन्या कोंडिविटे गावाच्या लेण्यांत, नऊ क्रमांकाची लेणी चुकवू नका. आत दगडातच कोरलेली गोल झोपडीसारखी खोली आहे आणि तिच्या पोटात स्तूप. जोगेश्वरीची गुंफा सहाव्या शतकातली, शिवाची, आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या हिंदू लेण्यांपैकी एक. तिच्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. आत देवीची पूजा रोज चालू असते आणि वरती, आजूबाजूला लोकांची घरं आहेत. दीड हजार वर्षं जुन्या छताखाली उभं राहिल्यावर वरच्या वस्तीचा आवाज येतो, तेव्हा पोटात थोडं धस्स होतं.

बोरिवली, पहिला दिवस: माझी सोमवारची चूक

आता माझा गाढवपणा ऐका. मी मामांना कान्हेरीला न्यायचं ठरवलं. सकाळी लवकर डबा घेतला, पाणी घेतलं, राष्ट्रीय उद्यानाच्या दारात पोचलो. दार बंद. सोमवार होता. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, आणि कान्हेरी त्याच्या आत असल्यामुळे तीही बंद. हे एका सर्चमध्ये कळलं असतं. मामा काही बोलले नाहीत, फक्त डब्याकडे बघितलं.

मग मी मेट्रोचा नकाशा उघडला. बोरिवली पश्चिमेला मेट्रो २ए जाते. तिच्यावर मंडपेश्वर आणि एक्सर अशी लागोपाठ दोन स्टेशनं आहेत. आपण ही नावं रोज अनाउन्समेंटमध्ये ऐकतो. दोन्ही नावांमागे एकेक गोष्ट आहे.

मंडपेश्वर म्हणजे शिवाची लेणी, साधारण सहाव्या-आठव्या शतकांच्या दरम्यानची. आत नाचणारा शिव आहे, झिजलेला, पण हातांची लय अजून कळते. १५३४मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. त्यानंतर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्यांचं चर्च केलं आणि वर मठ बांधला. त्याचे अवशेष अजून उभे आहेत. एका भिंतीवर आधीचं शिल्प काढून क्रूस कोरलेला दिसतो. १७३७मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली, पुढे १७७४मध्ये इंग्रजांनी घेतली. आज आत शिवलिंगाची पूजा होते, आणि क्रूसही तिथेच आहे. समोर पोरं क्रिकेट खेळत होती. कोणी जिंकलं, कोणी हरलं याचा राग धरायची ही जागा नाही. एकाच दगडावर किती लोकांनी आपापली श्रद्धा ठेवली, हे बघायची आहे. मी पाहुण्यांना असंच सांगतो.

एक्सरला वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला कोरीव दगड. गावोगावी असतात, मिरजेकडेही आहेत. पण तिकडच्या वीरगळांवर घोडे, गाई, तलवारी असतात. एक्सरच्या वीरगळांवर चक्क जहाजं आहेत. रांगेने वल्ही मारणारे नावाडी, समुद्रावरची लढाई. देशात असं फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. तेराव्या शतकात उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात जे आरमारी युद्ध झालं, त्याचं हे चित्र असावं असं अनेक अभ्यासक मानतात. विचार करा. देवगिरीचा राजा, डोंगरावरचा माणूस, आणि लढाई कुठे? बोरिवलीच्या खाडीत. विचारत-विचारत गेलात तर स्थानिक लोक जागा दाखवतात. आम्ही डबा तिथेच जवळ एका सावलीत खाल्ला. मामांचा रुसवा गेला.

बोरिवली, दुसरा दिवस: कान्हेरी आणि पॅगोडा

मंगळवारी परत गेलो. मेट्रो ७वर 'राष्ट्रीय उद्यान' नावाचंच स्टेशन आहे. दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत. चालत जायचा हट्ट वयस्कर माणसांसोबत करू नका, आत बस मिळते. तरुण असाल तर दाराशी भाड्याने सायकल मिळते, पण शेवटचा चढ दम काढतो. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं.

कान्हेरीचं जुनं नाव कृष्णगिरी, काळा डोंगर. शंभराहून जास्त लेण्या आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सुरुवात झाली आणि जवळपास हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खू राहत होते. लेणी क्रमांक तीन हे मोठं चैत्यगृह, सातवाहन काळातलं. ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती. सगळे इथेच फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही परत फिरू नका. वर चढा, आणि दगडात पाणी कसं फिरवलंय ते बघा.

हे मला कधीच दिसलं नव्हतं. शाळेच्या सहलीत दोनदा आलो होतो तरी. मामांनी दाखवलं. जवळजवळ प्रत्येक खोलीच्या दाराशी एक टाकं खोदलेलं आहे. आणि वरच्या कातळावर बारीक पन्हाळी कोरल्यात. पावसाचं पाणी उतारावरून त्या पन्हाळींत, तिथून टाक्यात. मामा एका टाक्यापाशी उकिडवे बसले, पन्हाळीवर बोट फिरवत गेले आणि म्हणाले, "याला उतार किती अचूक दिलाय बघ. पाणी आपटत नाही, घसरत येतं." चाळीस वर्षं विहिरींचं काम केलेला माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला दाद देत होता. मी गप्प बसलो.

या टाक्यांना तिथल्या शिलालेखांत 'पोढी' म्हटलंय. आणि ती कोणी करून दिली, हेही कोरलंय. राजांची नावं आहेतच, पण सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांची, कारागिरांची दानं त्याहून जास्त आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान केल्याचा लेख आहे. म्हणजे ही जागा आजूबाजूच्या बंदरांतल्या कमावत्या लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली.

आणखी एक गंमत. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१चे. ते पारशी पाहुण्यांचे. इथे येऊन गेल्याची तारीख आणि स्वतःची नावं कोरून गेले. म्हणजे बोरिवलीत पाहुणे फिरायला येण्याची परंपरा निदान हजार वर्षं जुनी आहे! (म्हणून आपण नाव कोरायचं नाही. त्यांना इतिहास माफ करतो, आपल्याला पुरातत्त्व खातं नाही करणार.)

जंगलाबद्दल एक गोष्ट. या उद्यानात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. दिवसा, रस्त्यावर, लोकांच्या वर्दळीत ते तुम्हाला दिसण्याची शक्यता जवळपास नाही. पण आडवाटेला शिरू नका आणि संध्याकाळी वेळेत बाहेर पडा. खरा त्रास माकडांचा आहे. खाऊची पिशवी हातात दिसली की गेली. विहार आणि तुळशी हे तलावही या जंगलात आहेत. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. दोन्हींचं पाणी आजही मुंबई पिते, त्यामुळे तिकडे सहलीला जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लहान मुलं सोबत असतील तर 'वनराणी' ही छोटी गाडी चालू आहे का, हे विचारूनच त्यांना शब्द द्या. २०२१च्या तौक्ते वादळात तिचे रूळ खराब झाले आणि ती बरीच वर्षं बंद होती.

दुपारी जेवून ताकद उरली, तर बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीच्या धक्क्यावर जा आणि बोटीने पलीकडचा विपश्यना पॅगोडा बघा. २००९मध्ये तो खुला झाला. म्यानमारच्या श्वेडगॉन पॅगोड्यासारखा बाहेरून सोनेरी. आतला घुमट सुमारे २८० फूट रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून घुमट तोललाय. मुख्य दालनात फक्त विपश्यनेचं शिबिर केलेल्या साधकांना बसता येतं, बाकीच्यांनी काचेपलीकडून बघायचं. सकाळी डोंगर पोखरून केलेलं बुद्धाचं घर आणि संध्याकाळी दगडावर दगड रचून केलेलं. एका दिवसात दोन्ही बघायला मिळतात, तेही बोरिवली न सोडता.

मुलुंड: खाडीतले पाहुणे

चौथा दिवस पूर्वेचा. मुलुंडहून ऐरोली पूल ओलांडला की पलीकडे वन खात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून ठाणे खाडीत बोटीची सफर असते. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात खाडीत फ्लेमिंगो येतात. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंख म्हणतात. नाव किती नेमकं आहे हे ते उडताना पंख उघडतात तेव्हा कळतं.

ते गुलाबी का? खाडीच्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव ते खातात, त्यातल्या रंगद्रव्यामुळे. गाजराला जो केशरी रंग देतो त्याच जातकुळीतला पदार्थ. पिल्लं करड्या रंगाची असतात, खात-खात गुलाबी होतात. ही माहिती घरातल्या लहान भाच्यांना सांगा, पुढचा आठवडाभर ते गाजर खातील.

२०१५मध्ये या खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून आधी बुकिंग करूनच निघा. टोपी आणि दुर्बीण न्या.

पण इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. मे २०२४मध्ये एका रात्री घाटकोपरवर फ्लेमिंगोंचा थवा उतरणाऱ्या विमानाला धडकला. जवळपास चाळीस पक्षी मेले. सकाळी लोकांना गुलाबी पिसं रस्त्यावर, सोसायट्यांच्या आवारात सापडली. खाडीभोवतीच्या पाणथळ जागा, जिथे हे पक्षी भरतीच्या वेळी विसावतात, त्या भरल्या किंवा उजळून टाकल्या की पक्षी दुसरीकडे जागा शोधत फिरतात, असं पक्षिप्रेमी सांगत आलेत. 'पाहुण्यांना दाखवायला' म्हणून तरी या जागा राहायला हव्यात. आणि त्या पाहुण्यांनाही, जे हजार किलोमीटरवरून आपल्याकडे उतरायला येतात.

मुलुंडला संध्याकाळ असेल तर महाकवी कालिदास नाट्यमंदिरात कुठला प्रयोग आहे ते बघा. गावाकडून आलेल्या माणसाला थिएटरमध्ये बसून मराठी नाटक दाखवणं हे मला गेटवेपेक्षा मोठं दर्शन वाटतं. बोरिवलीकरांसाठी प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर. तिन्ही ठिकाणी शनिवार-रविवारची तिकिटं आधी काढा.

घाटकोपर: शेवटची संध्याकाळ

घाटकोपर मी शेवटी ठेवलं, कारण तिथे पाय दमलेले असले तरी चालतात, फक्त पोट रिकामं लागतं. घाटकोपर पूर्वेची वल्लभबाग लेन, म्हणजे खाऊगल्ली. नाना प्रकारचे डोसे, चाट, सँडविच, आणि बहुतेक सगळं शाकाहारी. गावाकडची माणसं डोशात चीज आणि चॉकलेट बघून आधी हसतात आणि मग दुसरा मागवतात.

तिथे जाताना मेट्रो १नेच जा. वर्सोवा ते घाटकोपर, अकरा-साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. ही २०१४मध्ये सुरू झालेली मुंबईची पहिली मेट्रो. तिच्याआधी अंधेरीहून घाटकोपरला जाणं म्हणजे बसमध्ये दीड तास घाम गाळणं, हे आईला विचारा. आज वीस-पंचवीस मिनिटं. मामांना खिडकीशी बसवलं. असल्फाच्या आसपास टेकडीवर रंगीत घरं दिसतात. २०१७मध्ये स्वयंसेवकांनी ती रंगवली होती. मामा म्हणाले, "रंग छान आहेत. पण एवढ्या चढावर पाणी कसं चढवतात?" मला उत्तर माहीत नव्हतं. फोटो मी शंभर वेळा काढलाय, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

निघण्याआधी, पटकन

सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद. मी भोगलंय.

पावसाळ्यात कान्हेरी सुंदर, पण कातळ निसरडा. घट्ट तळव्याचे बूट हवेतच. समुद्राकडे पावसाळ्यात लांबूनच बघा. आक्साच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका, कुठल्याच ऋतूत. तिथे ओढ आहे आणि दरवर्षी माणसं जातात.

ज्येष्ठ मंडळी असतील तर दिवसाला एक मोठी जागा पुरे. लोकल सकाळी अकरानंतर पकडा आणि पाचच्या आत परत या.

आणि पाहुण्यांना फक्त दाखवू नका, त्यांना विचारा. मी मामांना मुंबई दाखवायला निघालो होतो. दगड, उतार, पाणी या भाषेत माझं बेट त्यांनीच मला वाचून दाखवलं. तुमच्याकडे येणारी मावशी कदाचित विणकाम करत असेल, काका शेती करत असतील. त्यांना वेगळंच काही दिसेल. ते ऐका.

परवा मामांचा फोन आला. मिरजेत कोणीतरी मुंबईला निघालंय, अंधेरीला उतरणार म्हणे. मामा त्यांना सांगत होते, "गेटवे राहू दे. तिथे एक काळा दगड आहे, तो बघून या. आणि सोमवारी कुठे जाऊ नका."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या भागातली अशी जागा, जी पाहुण्यांना दाखवता पण इंटरनेटवर कोणी सांगत नाही, ती व्हॉइस नोटने नक्की पाठवा. तोवर, फिरत राहा!